टँगोमधला रडका पुरुष

बहारीनमधल्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला आहे. आमच्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी टँगोचा क्लास भरतो. शिकवणारी बाई अर्जेंटिनाची, साठी ओलांडलेली. शिफ्ट संपली की मीही जायला लागले. गाण्यांचे स्पॅनिश शब्द कळत नव्हते तोवर ती गाणी मला फार आवडायची.

मग बाई अर्थ इंग्रजीतून सांगू लागली. जवळजवळ प्रत्येक गाण्यात एक पुरुष पस्तावत असायचा. कधीतरी त्याने प्रेयसीला टाकलेलं असतं, आता तो दारू पितो आणि तिच्या खिडकीखाली उभा राहतो. क्लासमधल्या बायकांचे डोळे भरून यायचे. माझं डोकं तापायचं.

असा एक पुरुष माझ्याही वाट्याला आला होता. आमच्या वसईचाच, इथे बहारीनमध्ये अस्कर भागात नोकरीला. इथल्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर ओळख झाली. आम्ही लग्न करणार हे दोन्ही घरांत माहीत होतं. मग तो लीव्हवर गावी गेला आणि तिकडेच दुसरीशी लग्न करून आला. आईपुढे माझं काही चाललं नाही, असं त्याने मला फोनवर सांगितलं. समोर यायचीही त्याची हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी तो अचानक, मी राहते त्या गुदैबियाला, माझ्या बिल्डिंगखाली उभा. शेजारच्या चहाच्या दुकानात बसलो. झोप लागत नाही, तुला सोडून चूक केली, आयुष्य फुकट गेलं, असं सांगत तो रडला. मी कशी आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

"हे तुझ्या बायकोला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला कशाला उगाच दुखवायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडे ती बाई याची पोरं आणि याची आई सांभाळते, आणि हा इथे माझ्यासमोर नाक पुसतोय.

"मला टाकलंस, तिला फसवतोयस, आणि वर तुझी कीवही मीच करायची? खलास. पुन्हा इथे यायचं नाही."

चहा तसाच ठेवून मी वर निघून आले.

पुढच्या शुक्रवारी गाणं नेमकं माफी मागायला दारात आलेल्या माणसाचं होतं. मी बाईला विचारलं, दार उघडून ती काय म्हणते? गाणं तिथेच संपतं, बाई म्हणाली. क्लासमधला एक गृहस्थ हसून मला समजावू लागला की गाणंच आहे, इतकं मनावर घेऊ नये. मी त्याला म्हटलं, तुम्ही कधी दाराच्या आत उभे राहिलेला नाहीत.

बाईने गाणं लावलं आणि स्वतःच माझा हात धरला. मी पाय आपटत नाचले, दोनदा माझा पाय तिच्या पायावरही पडला. ती थांबली नाही, मलाही थांबवलं नाही.

क्लासला मी अजून जाते. अर्थ सांगायच्या वेळी बाहेर उभी राहते. त्या वसईवाल्याचे मेसेज येतात, न वाचता पुसून टाकते, आणि दर वेळी तितकाच राग येतो.