निरोपाचं भाषण शपथेवर नसतं

जूनचा शेवटचा दिवस, दुपारी चार वाजता. जमा वर्गणी चार हजार सातशे: एकवीस कर्मचाऱ्यांचे प्रत्येकी दोनशे आणि साहेबांचे पाचशे. उपस्थित हे बावीस जण, सत्कारमूर्ती सुखदेव इंगळे आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई. वर्गणीतून शाल, नारळ, सफारीचं कापड, कचोरी आणि चहा.

मी तिथे नव्हते. मी खामगावात वकिली करते आणि नोकरीसंबंधीची प्रकरणं चालवते. हा समारंभ मी नंतर मोबाईलवर पाहिला. एकदा नाही, इतक्या वेळा पाहिला की साहेबांचं भाषण मला पाठ झालं.

इंगळे एका सरकारी महामंडळात गोदामपाल होते. महामंडळाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. समारंभानंतर चारेक दिवसांनी नवरा-बायको माझ्या ऑफिसात आले. इंगळेंनी ऑर्डर टेबलावर ठेवली.

"मॅडम, मले काढलं त्याचं एवढं नाही. पण निकम्मा म्हनून काढलं."

ऑर्डर मुदतपूर्व सेवानिवृत्तीची होती. सरकारी नोकरीत पंचावन्नाव्या वर्षी कर्मचाऱ्याची तपासणी होते. याला रिव्ह्यू म्हणतात. माणूस कामाचा राहिला नाही असं समितीला वाटलं, तर जनहितार्थ त्याला घरी पाठवता येतं. ही शिक्षा मानली जात नाही. त्यामुळे चौकशी नाही, नोटीस नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटी जे काही नियमात असेल ते मिळतं. फक्त अठ्ठावन्नपर्यंतचा पगार जातो, आणि गावात ज्याला त्याला सांगत बसावं लागतं की मी काही केलं नाही.

इंगळेंच्या घराचं कर्ज अठ्ठावन्नपर्यंतचं होतं. हप्ता पगारातून कापला जायचा.

"साहेबांशी काही वाद?" मी विचारलं.

"वाद नाही. हरभरा ओला होता."

"म्हणजे?"

"एका पार्टीचा माल आला. वल्ला. मी म्हटलं, हा आत घेत नाही, थप्पीले बुरशी लागते. साहेब म्हने घ्या. मी म्हटलं, लिहून द्या. त्यायनं लिहून देलं नाही, मी माल घेतला नाही. मंग माही बदली काढली धामणगाव बढ्याले. मी म्हटलं, काऊन? अर्ज केला. तं बदली रद्द झाली."

"मग चांगलं झालं की."

"हाव. बदली रद्द करून रिटायरच करून टाकलं."

मी त्यांना खरं ते सांगितलं. अशी केस अवघड असते. अहवाल वाईट आहे एवढं महामंडळानं दाखवलं, तर कोर्ट सहसा हात घालत नाही. तुमच्या शेवटच्या दोन गोपनीय अहवालांत साहेबांनी 'कार्यक्षमता घटली, कामात रस नाही' असं लिहिलं आहे. गोपनीय अहवाल म्हणजे साहेबानं वर्षातून एकदा कर्मचाऱ्याला दिलेले गुण.

शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला. त्या म्हणाल्या, "पण भाषन तं लय चांगलं केलं जी साहेबानं."

"कोणतं भाषण?"

"सेंडऑफचं. बोदडेभाऊनं ग्रुपवर टाकलं ना. माह्या भावाले दाखवलं तं तो रडला."

त्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर विभागीय व्यवस्थापक काळमेघ साहेब. हातात माईक, मागे बॅनर. "इंगळेंसारखा गोदामपाल या विभागाला पुन्हा मिळणार नाही. कामात दिवस पाहिला नाही की रात्र. एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. गेली दोन वर्षं तर हे गोदाम त्यांच्याच जिवावर चाललं. आज मी माझा उजवा हात गमावतो आहे." टाळ्या. मग शाल.

"गेली दोन वर्षं असं म्हणाले?" मी विचारलं.

"दोनदा म्हनले," इंगळे म्हणाले.

चूक कोणाची होती तर आपल्या रिवाजाची. आपल्याकडे माणूस कसाही जावो, निरोपसमारंभ होतोच, आणि जो सर्वांत मोठा साहेब तो सर्वांत मोठं कौतुक करतो. आस्थापना लिपिक बोदडेंनी सवयीनं वर्गणी गोळा केली. साहेबांनी सवयीनं भाषण केलं. आपणच या माणसाला नालायक ठरवून काढलं आहे, हे त्या वीस मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं नाही. ग्रुपवरच्या व्हिडिओखाली त्यांनी हात जोडल्याचं चिन्हही टाकलं होतं.

तरी मला प्रश्न पडला. समारंभात बोललेलं कोर्टात न्यावं का? माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत. जेवताना त्यांना विचारलं. ते म्हणाले, "निरोपात लोक खरं बोलायला लागले तर शाल घ्यायला कोणी येणार नाही." हे काही उत्तर नव्हतं. मी व्हिडिओ जोडला, पण याचिकेत शेवटच्या मुद्द्यावर ठेवला.

याचिका नागपूरला हायकोर्टात दाखल केली. तारखा पडत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात सुनावणी झाली आणि मूळ रेकॉर्ड घेऊन काळमेघ साहेबांना हजर राहायला सांगण्यात आलं. कामकाज इंग्रजीत चालू होतं, पण साहेबांशी न्यायमूर्ती मराठीत बोलले.

"हे भाषण तुमचंच?"

"होय."

"खरं बोललात?"

साहेबांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. "समारंभात असं बोलावं लागतं."

त्यांचे वकील घाईनं उभे राहिले. "निरोपाचं भाषण शपथेवर नसतं."

न्यायमूर्ती म्हणाले, "गोपनीय अहवाल तरी कुठे असतो?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बहुतेक सुमनबाईच.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खामगावात लोक सांगतात की वकीलबाईंनी भाषणावर केस जिंकली. तसं नाही, मी निकाल वाचला आहे. त्यात भाषणाचा उल्लेख एका वाक्यात आहे. ऑर्डर रद्द झाली ती दुसऱ्या, कंटाळवाण्या कारणानं. वाईट शेरे लिहिले की ते कर्मचाऱ्याला कळवावे लागतात. इंगळेंना दोन्ही वर्षं कळवलेच नव्हते, आणि त्याआधीचे सगळे अहवाल चांगले होते. मात्र बदली करणं हा मालकाचा अधिकार आहे, त्यात आम्ही पडत नाही, असंही निकालात होतं.

बाहेर पडताना व्हरांड्यात काळमेघ साहेब भेटले. डोळा चुकवून जातील असं वाटलं, पण थांबले.

"मॅडम, भाषणात मी खोटं बोललो नव्हतो."

"मग अहवालात?"

"मुख्यालयाला प्रत्येक विभागातून घरी पाठवायला दोन नावं हवी होती. एक सापडलं. दुसऱ्यासाठी कोणाला धरू? त्या हरभऱ्यावरून डोकं फिरलेलंच होतं." मग म्हणाले, "भाषणच खरं होतं, हे मी कोर्टात उभं राहून कसं सांगू?"

ते सांगायचीच ती जागा होती, असं मनात आलं.

इंगळे कामावर हजर झाले आणि आठवड्यात बदली आली: धामणगाव बढे. मी विचारलं, आव्हान द्यायचं का. ते म्हणाले, "नाही मॅडम. तिथलं गोदाम कोरडं हाय म्हंते."

बदली म्हणजे पुन्हा निरोपसमारंभ. बोदडे वर्गणीला उठले तर कर्मचारी म्हणाले, "एका मानसाले कितीदा द्याचं बे?" शेवटी इंगळेंनी जुनी शाल आणून दिली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तीच पुन्हा घालायची ठरलं. फळ्यावर सूचना लागली: समारंभात मोबाईल बंद ठेवावेत. साहेब उभे राहिले. सगळे वाट पाहत होते.

"इंगळे जात आहेत. चहा घ्या," ते म्हणाले आणि बसले.

इंगळे मला सांगत होते, पहिल्या भाषणापेक्षा हेच त्यांना जास्त पटलं.

अहवाल लिहिणारा आणि शाल घालणारा एकच असेल, तर दोन्ही वेळेला एकच बोलावं. जमत नसेल तर चहावर भागवावं. यापलीकडे मला या प्रकरणातून शिकण्यासारखं काही सापडलं नाही.

हिशेब असा मिटला: आधी दिलेली ग्रॅच्युइटी वळती करून थकलेला पगार इंगळेंच्या खात्यात; त्यातून राहिलेले हप्ते बँकेला; माझी फी मला, चेकनं. दुसऱ्या समारंभाचे चहा-कचोरीचे पाचशे रुपये हॉटेलवाल्याला. ते काळमेघ साहेबांनी एकट्यांनी, खिशातून दिले.