इनासमामांचा बिगूल आणि माझा बोळ

आमच्या शेजारच्या इनासमामांना जे दीर्घायुष्य लाभलं ते मी दिलं. डॉक्टरांनी नाही. त्याबद्दल त्या घरातल्या कुणी आजवर माझे धड आभारसुद्धा मानले नाहीत. उलट माझाच बोळ गेला!

पन्नासच्या दशकात पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली. मी साताऱ्याकडून अंगावरच्या सदऱ्यानिशी आलो आणि परांचीला लागणाऱ्या बांबूंची वखार टाकली. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. (आमच्या लग्नात भटजींकडून मी ठरलेल्या दक्षिणेतच दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हणून घेतली होती.)

वखारीला लागून इनासमामांचं घर. मामा सावंतवाडीकडचे कॅथलिक, फौजेतले बिगूलवाले. ब्रह्मदेशातली लढाई लढून आले आणि निवृत्त झाले. बिगूल मात्र निवृत्त झाला नाही! रोज पहाटे पाचला अंगणात उभं राहून ते असा काही फुंकत, की जपानी माघारी का वळले हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बिगूल वाजला की फिनामामी आणि पाच पोरं रांगेत उभी राहायची. मामा हजेरी घेत, मग प्रार्थना, मग चहा. पहिल्या पाळीचे कामगार त्या बिगुलावर उठत, गवळी त्यावर धार काढी. सगळ्या आळीची सोय, गैरसोय फक्त माझी!

त्यात तो बोळ. मामांचं घर आणि माझी वखार यांच्यामधला. मामा म्हणत त्यांचा, मी म्हणे माझा. कागद दोघांकडेही नव्हता, पण बांबू माझ्याकडे होते. ते मी बोळात रचून टाकले.

त्या पहिल्याच वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी आमची जुंपली.

"मामा, तुम्ही बिगूल बंद करा, मी बांबू हलवतो."

"आधी बांबू हलव, मेल्या!" (मामा सगळ्या जगालाच मेल्या म्हणत. जपान्यांनाही म्हणाले असतील.)

"बिगूल बंद झाल्याशिवाय एक काडी हलणार नाही!"

"माझो बिगूल मी मेल्यावरच बंद होतलो!"

"मग होऊ दे एकदाचा!" मी ओरडलो आणि पाय आपटत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बिगूल वाजला नाही.

मी जागा झालो तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. बाहेर पाळी चुकलेले कामगार डबे घेऊन उभे, आणि दारात माझी बायको शांता.

"अहो, मामांचा बिगूल वाजला नाही. काल काय बोललात तुम्ही त्यांना?"

मी तसाच अनवाणी धावलो, मामांचं दार ठोठावलं. फिनामामींनी दार उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, डोळे लाल. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार लावून घेतलं.

झालं! माझी जीभ मामांना खाऊन बसली होती.

मी वखारीतला सगळ्यात चांगला माल बाहेर काढला. कंत्राटदारालाही न दाखवलेला! तिरडी बांधायला बसलो, तर गोठ्यासाठी बांबू न्यायला आलेले दिघीचे तात्या म्हणाले, "आरं, त्यांच्यात तिरडी न्हाई चालत. पेटी लागती."

"मग पेटी बांधतो!"

"बांबूची?"

"मग काय सोन्याची बांधू, तात्या?"

पेटी तयार झाली. तात्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "ह्यात मामाला ठिवायचं का कोंबड्या?"

मी दुर्लक्ष केलं. पेटी मामांच्या बंद दारापुढे नेऊन ठेवली. सगळी आळी गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "शेठ, दोन शब्द बोला."

आता मला दोन शब्द बोला म्हणणं म्हणजे म्हशीला पाण्यात बस म्हणणं! मी सुरुवात केली. मामांचं शौर्य झालं, मामांचा संसार झाला. स्वतःचाच आवाज ऐकून मला हुंदका फुटला.

"मामा, तुमच्या बिगुलासाठी माझे कान आसुसतील हो! आणि तो बोळ... तो बोळ तुमचाच! सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो!"

शांतानं माझी बाही ओढली. मी ती झटकली.

"माझे बांबू मी आजच्या आज हलवतो!"

डोक्यावरची खिडकी उघडली.

"हलव तर मग, मेल्या," मामा म्हणाले.

बायका किंचाळल्या. तात्या मागे सरकता सरकता पेटीत बसले.

"आज गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस," मामा म्हणाले. "कालपासून ईस्टरपर्यंत आमच्या देवळातली घंटासुद्धा मुकी असते. मग माझो बिगूल कसो वाजतलो?"

"मग काल सांगायचं होतं!"

"तू बोलू दिलंस?"

मी स्वतःला सावरलं. "मामा, ते भावनेच्या भरात झालं. असं करू, निम्मा बोळ..."

"सगळ्यांच्या साक्षीनं," मामा म्हणाले.

"व्हय, आमी ऐकलंय," तात्या पेटीतून म्हणाले.

"आणि तुझ्या वखारीमागच्या विहिरीबद्दल काय बोलायचं राहिलं नाय ना?" मामांनी खिडकी लावता लावता विचारलं.

घरी आल्यावर शांता म्हणाली, "जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात."

वाढलं! भरमसाट वाढलं! मामांनी पाचही पोरांची लग्नं केली, नातवंडांची केली, नव्वदी ओलांडली. रोज पहाटे ते माझ्या, म्हणजे त्यांच्या, बोळात उभे राहून बिगूल फुंकत आणि माझ्या उत्तम बांबूंच्या पेटीतून फिनामामींच्या कोंबड्या त्यांना साथ देत. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी एक नातवंड दारात येई. "आजोबांनी सांगितलंय, उद्या बिगूल नाही. रडू नका."

शेवटी मामा खरोखरच गेले. दफनाच्या वेळी पेटी समोर होती, चांगली सागवानी. फादर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्यांचे जुने शेजारी. दोन शब्द बोला."

डोळ्यांत पाणी होतं, पण मी नुसते हात जोडले आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. विहीर अजून माझ्या नावावर होती, आणि मामांचा काय भरवसा!