देवीपुढे दिलेली ओव्हर

देवी आपलं ऐकते, यावर त्या दिवसांत माझा विश्वास उरला नव्हता. इकडे कन्नड मुलखात, जे. पी. नगरातल्या एका रुग्णालयात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. अनुभवी सिस्टर परदेशी गेल्या, नव्या पोरी टिकेनात, आणि त्यात इन्चार्जांना नेतृत्वाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. 'टीमला ऊर्जा द्या,' असं तिथले सर पडद्यावर चित्रं दाखवत सांगायचे. माझ्यातच ती नव्हती, तर देणार कुठून? त्या मंगळवारी सकाळी ज्योती, आमच्याच निपाणीकडची, माझ्या हाताखाली तयार झालेली पोर, म्हणाली, "अक्का, मीबी सोडणार हाय." मी पुढच्या पेशंटकडे वळले. दुपारपर्यंत ठरवूनच टाकलं, उद्या मेट्रनना सांगायचं की हे पद माझ्याच्यानं निभत नाही. इतक्या वर्षांची नोकरी मातीमोल वाटत होती.

घरी जायचं सोडून बनशंकरीच्या देवळात कशी पोचले, सांगता येणार नाही. राहुकाळ चालू होता. एरवी त्या वेळेत कुणी शुभकार्य करत नाही, पण इथे नेमक्या त्याच वेळी लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायकांची रीघ लागते. मीही लिंबू पिळून साल उलटी करायला गेले, तर ती फाटली. दुसरीही फाटली. कसलीही नस अचूक शोधणारे हे हात! मला तिथेच रडू कोसळलं.

"अक्का, इकडं द्या. मी करते. तुमी स्वल्प बसा." शेजारच्या एक वयस्कर बाई म्हणाल्या. इथल्या जुन्या मराठी घरांतलं ते कन्नड मिसळलेलं बोलणं ऐकून मला आणखीच भरून आलं. माझ्या गणवेशाकडे बघत त्यांनी विचारलं, "ड्युटी झाली न्हवं तुमची?"

झाली कुठे? आमच्यात ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगतात, त्याला ओव्हर देणं म्हणतात. तिनं 'सरी', म्हणजे 'बरं, ठीक', म्हटलं की मगच आपण मोकळ्या. पण माझ्या पोरींची ओव्हर घ्यायला कुणीच नव्हतं. डोळे मिटून मी ती देवीलाच देऊ लागले. शिल्पा, घरी सासू आजारी, झोप नाही. मेरी, नवी आहे, कुणी रागावलं की हातपाय गाळते. ज्योती, कामात हुशार, पण खचलीय, आणि का ते मी विचारलंसुद्धा नाही. शेवटी मी. शुद्धीवर आहे. सोबत कोणी नाही.

हे मनात चाललं होतं की ओठांवर आलं होतं, देव जाणे. "सरी, अक्का," बाई म्हणाल्या. डोळे उघडले तेव्हा माझा दिवा देवीपुढे तेवत होता आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. त्या बाईंचे उपकार आणि देवीचे उपकार मला आजही वेगळे करता येत नाहीत.

मेट्रनकडे मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ज्योतीला समोर बसवून विचारलं, आणि ती पोटभर बोलली. तरी ती गेलीच. वॉर्डात माणसं अजून अपुरीच आहेत, आणि प्रशिक्षणाच्या परीक्षेत मी काय दिवे लावणार आहे ते दिसतंच आहे. पण आता निघताना पेशंटांची ओव्हर सिस्टरला देते आणि पोरींची देवीला. शेवटी माझंही नाव घेते. सोबत कोणी नाही, एवढं मात्र आता सांगत नाही.