बैल शेषेरावचा, गोष्ट मलप्पाची

निलंग्याच्या एसटी स्टँडासमोर मलप्पाचं हॉटेल. चहा बेताचाच, लोक यायचे ते मलप्पाला ऐकायला. उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा कसा झाला, हे तो असं सांगायचा की जणू हद्दीच्या खुणा ह्यानंच रोवल्या. कपाळाला विभूती, हातात किटली. गिऱ्हाइकाची बस निघून जायची, गोष्ट काही संपायची नाही.

त्या साली पावसानं दगा दिला आणि टँकरच्या रांगेत गाव दिवसदिवस बसायला लागलं. नांदेडहून बदलून आलेल्या शिक्षिका महानंदाबाईंनी त्या रांगेचाच वर्ग केला. पोरांनी माणसांना प्रश्न विचारायचे, मुलाखत लिहायची. चांगली निघेल ती शाळेच्या पटांगणात वाचायची. मलप्पानं अर्धी बादली पाणी खर्चून धोतर धुतलं. बायको नीलम्मा म्हणाली, "प्यायला घोटभर न्हाई आन ह्यांला नवरदेव व्हायचंय!"

पोरं आली आणि शेजारी गेली. शेजारी शेषेराव, सायकलचं पंक्चर काढणारा. "हवा का पंक्चर?" एवढ्यावर ज्याचा दिवस भागायचा, तो माणूस!

पटांगणात सातवीतल्या शिवकांता ह्या पोरीनं त्याची मुलाखत वाचली. बहात्तरच्या दुष्काळात शेषेरावनं आपला देवणी बैल चाऱ्यासाठी पार कर्नाटकात, भालकीला सासऱ्याकडं ठेवला, आणि बैल दावं तोडून एकटा परत आला.

मलप्पा ताडकन उठला. "आरं, ही तर माझी गोष्ट! शंभरदा सांगितली म्या. बैल त्याचा आसंल, गोष्ट माझी हाय!"

खरंच होतं. फक्त मलप्पाच्या गोष्टीतला बैल मांजरा नदी पोहून यायचा. दुष्काळात नदीला पाणी कुठलं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. शिवकांतानं मात्र शेषेरावला विचारलं होतं, "मग तुम्ही काय केलात?"

"घरात होतं तेवढं पाणी त्याच्यापुढं ठेवलं. बायको काय बोलली न्हाई."

पटांगण चिडीचूप. मलप्पाच्या गोष्टीवर लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. असे गप्प कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना गाठलं. "बाई, आमचं काय वाईट?"

"मलप्पा, न बोलणाऱ्याला बोलतं करायला पोरं शिकून राहिलीत. तुमच्यापाशी काय शिकतील?"

झालं. मलप्पानं बोलणं सोडलं.

"दात दुखतो का गा, मलप्पा?" गिऱ्हाइकं विचारायची. हा नुसता किटली हलवायचा. नीलम्मानं खुशीत महादेवाला नारळ फोडला. पण मुक्या मलप्पाचा चहा कोण पिणार? बाकडी रिकामी पडली आणि माणसं शेषेरावच्या खोक्यांवर जाऊन टेकली. त्यात शेषेरावला वाचा फुटलेली! तिकडं हसू आलं की इकडं मलप्पाच्या पोटात चुलीपेक्षा जास्त जळायचं.

शेवटी शिवकांता वही घेऊन आली. "मामा, बोलणं का सोडलात?"

मलप्पानं मनात जिल्ह्याची गोष्ट घोळवून ठेवली होती. तोंडातून निघालं भलतंच. "शेषेरावचं बघवंना, पोरी."

उत्तर आल्यावर लगेच बोलायचं नाही, थांबायचं, असं बाईंनी शिकवलेलं. पोरगी थांबली. मलप्पाला ती शांतता सोसेना.

"लोकांच्याच गोष्टी सांगितल्या आजवर. सोताचं काय विचारलंस तर काय सांगू? बैल सुदीक उसना."

शिवकांतानं हे जसंच्या तसं पटांगणात वाचलं. लोक पोट धरून हसले, मग हळूहळू गप्प झाले. मलप्पाला हवी होती ती शांतता आली, तेव्हा तो खाली मान घालून बसला होता.

शेजारी बसलेल्या शेषेरावनं त्याला कोपरानं ढोसलं. "उद्या बैलाची गोष्ट सांग गा. नदी मातर ऱ्हाऊ दे. माझा बैल पवताना बघायला मला बी लई आवडतं."

मलप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि एवढं देखणं वाक्य पुन्हा शेषेरावलाच सुचावं, म्हणून परत जळजळ सुरू झाली.