दोन पुस्तकं आणि एक तडकलेला जॉइंट

"मॅडम, जॉइंट फिरसे क्रॅक हुआ," रेड्डीसाहेब दारातूनच म्हणाले. "अगले महिने फॉरेन पार्टी आ रही है. तब तक वजह बताओ, नहीं तो मॅथ्स सेक्शन बंद."

सेक्शन म्हणजे मी आणि वसंतराव. मार्केट खुलं झालं होतं आणि कुकटपल्लीच्या आमच्या कारखान्याला परदेशी भागीदाराची घाई झाली होती. मी स्टॅटिस्टिक्सची, मला क्वालिटी कंट्रोलमध्ये घेतलं असतं. वसंतरावांना कुणी घेणार नव्हतं, आणि घरात कमावते ते एकटेच.

कारखान्यातल्या एका नळीतून तापलेला वायू जायचा आणि तिचं टोक, जॉइंट होता तिथे, पाण्याने थंड ठेवलेलं असायचं. तिथल्या तापमानाच्या समीकरणात एक अगदी लहान आकडा होता. लहान म्हणून तो शून्य धरला, तर उत्तर नळीभर बरोबर येतं आणि टोकाशी साफ चुकतं. टोकाच्या अरुंद पट्टीत तापमान एकदम कोसळतं, आणि जॉइंट नेमका त्याच पट्टीत. या पट्टीला बाउंडरी लेयर म्हणतात. पट्टीचं गणित वेगळं मांडून बाकीच्या उत्तराशी जुळवायचं, ही सिंग्युलर पर्टर्बेशनची पद्धत. पट्टीची रुंदी कळली की जॉइंट तिच्याबाहेर कुठे बसवायचा ते कळणार होतं.

लायब्ररीतून मी दोन पुस्तकं काढली. एक बारीक, सोडवलेल्या उदाहरणांचं. दुसरं जाडजूड, प्रत्येक प्रमेय सिद्ध करत जाणारं.

"बारीक घ्या," मी वसंतरावांना म्हणाले. "दुसऱ्या प्रकरणात आपल्यासारखंच समीकरण आहे."

वसंतराव नारायणगुड्याचे. मागचं पान सिद्ध झाल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही, असं त्यांना गणितमास्तर वडिलांनी शिकवलेलं.

"नक्को मॅडम. ते गाईड हाय. जुळवणी का चालते ते सांगतच नाही. कुणी कायकू म्हणून विचारलं तर?"

"कुणी विचारणार नाही. रुंदी विचारतील."

"कच्चं बोलायला जमत नाही मला."

मला राग आला. खरं सांगायचं तर हेवाही वाटला. पण समीकरणं सोडवणं त्यांचं काम, माझं नव्हे. त्यांनी जाड पुस्तक नेलं.

पाहुणे आले. "लेयर कितना चौड़ा?" रेड्डीसाहेबांनी विचारलं.

वसंतराव उभे राहिले. "साब, जवाब है, और एकच है. इतना साबित हो गया."

रुंदीच्या पानापर्यंत ते पोचलेच नव्हते. सगळे हसले. मला मान वर करवेना.

सेक्शन बंद झाला. वसंतरावांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा रेड्डीसाहेबांची. बाहेरच्या कन्सल्टंटने अंदाजाने जॉइंट थोडा सरकवला. तोही तडकला आणि अख्खी नळी भंगारात गेली.

पुढे एका दुपारी वसंतराव बरकतपुऱ्याला माझ्या घरी आले. रुंदी निघाली होती, चूक जास्तीत जास्त किती असू शकते त्याच्या हिशेबासकट. मी पाहिलं. कन्सल्टंटने जॉइंट जितका सरकवला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

"आता पक्कं हाय, मॅडम," ते म्हणाले. "कुणाला दाखवू?"

नळी भंगारात गेल्याचं मला सांगवेना. मी चहा टाकायला आत गेले.

या विषयाला कोणतं पुस्तक घ्यावं, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी आधी विचारते, मुदत किती आहे?