डोळ्याखालचं निळं

भावोजी,

तुमच्याबद्दल चार ओळी लिहिते म्हटलं असतं, तर तुम्ही आधी हात जोडले असते आणि मग समोरच्या मशीनचं झाकण उघडून त्यात डोकं घातलं असतं. आता डोकं घालायला तुम्हाला मशीन नाही आणि मला अडवायला तुम्ही नाही. तेव्हा लिहिते. एक गोष्ट तुम्ही जन्मभर कोणाला सांगितली नाहीत आणि दुसऱ्यांनाही सांगू दिली नाहीत. वाचणारे तुम्हाला ओळखत नाहीत, म्हणून इथून पुढे तुमच्याशी नाही, तुमच्याविषयी बोलते.

तर हा माणूस शिलाईची मशीनं दुरुस्त करायचा. दुकान नव्हतं. खांद्याला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी, सुया आणि एक मळकी चिंधी. दोरा तुटायला लागला, टाके सुटायला लागले की बायका त्याला बोलावून घ्यायच्या. म्हणजे भर दुपारी, घरात पुरुष माणूस नसताना, परक्या घरात तासभर बसायचं काम. असल्या धंद्यात हात चांगला असून भागत नाही, नाव चांगलं लागतं. आणि नेमकं तेच जायला लागलं.

बायको लग्न होऊन आली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली फिकट करडी छटा होती, झोप न झाल्यासारखी. बाळंतपणानंतर ती गडद झाली. खालच्या पापणीपासून कानशिलापर्यंत निळसर काळी, आणि बुबुळाशेजारच्या पांढऱ्यातही पाटीच्या रंगाचा एक पट्टा. दोघं डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की कातडीला रंग देणाऱ्या काही पेशी वर यायच्या त्या खोल खालीच राहून गेल्या आहेत, आणि इतक्या खालचा काळा रंग वरून निळा दिसतो. निळा तीळ असतो ना, त्याच्याच कुळातलं हे. दुखणार नाही, खुपणार नाही, फक्त दरवर्षी डोळे तपासून घ्या, डोळ्याचा दाब बघून घ्या. ते दोघांनी इमानेइतबारे केलं.

पण डॉक्टरीणबाई काही गल्लीत येऊन भाषण देणार नव्हत्या. बिऱ्हाड नव्या वस्तीत हललं आणि तिथल्या लोकांनी पाहिलं ते एवढंच, की नवरा घुम्या आणि बायकोचा डोळा काळानिळा. त्यात ती खूण दमणुकीने, उन्हाने जास्त गडद वाटायची, एरवी जरा उतरल्यासारखी. झालं. लोकांच्या मते उतरली की मार विरला आणि चढली की नवऱ्याने पुन्हा मारलं. लोक आपल्याकडे बघतात ते आपण कुरूप म्हणून, अशी तिची समजूत. तिने पावडर थापायला सुरुवात केली. त्यावर लोक म्हणाले, बघा, बिचारी लपवते.

एकेक घर बंद होत गेलं. मशीन विकून टाकलं, असं दारातूनच सांगायचे आणि आतून मशीनची खडखड ऐकू यायची. हे थोरल्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या, कानावर आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी त्याला गाठून विचारलं, एकदा सगळ्यांना सांगून मोकळे का होत नाही?

"काय सांगू वहिनी?" तो म्हणाला. "या, जवळून बघा, बोट लावून बघा, असं? तिचं तोंड म्हणजे काय नोटीस बोर्ड आहे?"

पोट कशावर भरणार, असं मी विचारलं.

"मला बोलतात ना? बोलू देत. तिला कळू देऊ नका म्हणजे झालं."

मग त्याने मला शपथच घातली. मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही हे घरात सर्वांना माहीत आहे.

शेवटी राहिलं होतं ते गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचं काम. एका दुपारी बायको त्याचा डबा घेऊन तिथे गेली. मालकीणबाई मनाने चांगल्या. त्यांनी तिला कापडाच्या खोलीत नेलं, हात हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, की मागे एक खोली रिकामी आहे, तू आजच राहायला ये, परत त्याच्याकडे जाऊ नकोस. हिला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती उठली, तडक नळाशी गेली, साबणाने तोंड खसाखसा धुतलं आणि तशीच, तोंडावरून पाणी निथळत, मशीनांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"बघून घ्या. पुसून जातं का तेही बघा," ती म्हणाली. "माझ्या जन्माबरोबर आलंय हे. यांनी माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. चढवते ती मी."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तो कोपऱ्यात खाली बसून एकच स्क्रू पिळत होता. वर बघितलं नाही त्याने.

घरी जाताना वाटेत तो तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. तुला कोणी सांगितलं होतं चारचौघींत उभं राहायला, म्हणून. ती म्हणाली, मला माझं तोंड दाखवायला तुमची परवानगी लागत नाही. हे तिनेच मला सांगितलं, रडत आणि हसत. त्या दिवसापासून पावडरचा डबा बंद.

कामं परत आली. बंद झालेल्या घरांत आता बोलावून चहा पुढे करायचे. मशीन तो मन लावून दुरुस्त करायचा, पण चहाला हात लावायचा नाही.

पुढे बरीच वर्षं बरी गेली. मग ती गेली, हृदयाच्या दुखण्याने, चार दिवसांत. मुलाने एका जुन्या फोटोवरून मोठा फोटो करून आणला. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने, मोठ्या प्रेमाने, डोळ्याखालचं सगळं साफ करून टाकलं होतं. गाल गोरापान, डोळा पांढराशुभ्र. जुना फोटो त्या गडबडीत कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही.

तो फोटोच्या अगदी जवळ गेला. मग मला म्हणाला, "वहिनी, ही कोण?"

काचेवर बोट टेकवून त्याने मला दाखवलं, इथून सुरू होत होतं, इथे जरा पातळ, नाकाच्या बाजूला थोडंसं, कानशिलाशी संपायचं. सगळं पाठ होतं त्याला. स्टुडिओत जाऊन त्याला ती खूण फोटोवर परत रंगवून घ्यायची होती. तुम्ही बरोबर चला, म्हणाला, मला असलं कोणाला सांगायची सवय नाही.

जाऊ म्हटलं. आधी माझा गुडघा आखडला, मग स्टुडिओवाला गावाला गेला, मग माझ्या दिरानेच अंथरूण धरलं आणि तो उठलाच नाही. फोटो त्याच भिंतीवर आहे, तसाच.