सेमिनारच्या कागदावरचा पाय

"थांब, जागेवर जाऊ नकोस. तो कागद खाली ठेव आणि माझा पाय आखून घे."

सरांनी भर वर्गात बूट काढला. मग मोजा. माझा सेमिनार नुकताच संपला होता. विषय, अमेरिकेतली गुलामगिरी. सर "उत्कृष्ट" म्हणाले होते, टाळ्याही पडल्या होत्या. आणि आता ते हसत वर्गाला सांगत होते, "हिच्या घरी अस्सल कोल्हापुरी बनते बरं का. यांच्या रक्तातच असते ही कला."

मी खाली बसले. सेमिनारचा शेवटचा कागद पालथा घातला. पेन सरळ उभं धरून पाय आखला. तिरकं धरलं की माप मोठं येतं, हे लहानपणापासून माहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी फोटो काढला. कुणीतरी हसलं. मला कुणी मानगूट धरून बसवलं नव्हतं. गुडघे आपोआप वाकले. आजही सरांपेक्षा जास्त राग मला त्या गुडघ्यांचा येतो.

आम्ही चांभार. अण्णा कातडं कापतात, शिवतात. आई चामड्याच्या बारीक वेण्या घालते. मी एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा अण्णांनी बजावलं होतं, हे वर्ष पास झालीस तर पुढं, नाहीतर लग्न.

अमेरिका म्हणजे उंच इमारती, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात वाचलं, सगळी माणसं समान आहेत असं जाहीर करणाऱ्यांच्याच घरात गुलाम राबत होते. मी विचारलं, "सर, लिहिताना त्यांचा हात अडखळला नसेल?" सरांना प्रश्न फार आवडला. गुलामाला अक्षर शिकवणं कितीतरी ठिकाणी गुन्हा होता, हे सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. खरंच यायचा, नाटक नव्हतं ते. घरी येऊन मी सगळं आईला सांगायची. ती वेणी घालता घालता म्हणायची, "लई लांबची माणसं, पर सोसणं आपल्यागतच की." कायद्यानं सुटलेली माणसं त्याच मालकांच्या शेतात राबत राहिली, हे वाचलं त्या दिवशी मला घास गिळवला नाही.

सरांची चप्पल झाली. मग खात्यातल्या दुसऱ्या सरांचं माप. मग मॅडमचं. दर वेळी स्टाफरूममध्ये बोलावणं, दर वेळी मी फरशीवर.

सेमिस्टरच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. सरांनी विचारलं, "कायद्यानं गुलामगिरी संपली, मग प्रत्यक्षात का संपली नाही?" मी सांगू लागले. जमीन मिळाली नाही, मालक तेच राहिले, आणि वाकायची सवय... बोलता बोलता मला माझेच गुडघे आठवले.

"छान," सर म्हणाले. "आता जाता जाता यांचं माप घे." शेजारच्या परीक्षकांनी कोरा कागद सरकवला आणि पाय पुढे केला.

"घेणार नाही, सर."

"का गं? घरच्या कामाची लाज वाटते?"

"कामाची नाही. चप्पल पाहिजे तर त्यांनी आमच्या घरी यावं. अण्णा माप घेतील. मी इथं परीक्षा द्यायला आलेय."

सर चिडले नाहीत. हसले. "इतिहास डोक्यात गेला वाटतं," म्हणाले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

निकाल लागला. लेखी पेपरात मी वर्गात पहिली. सरांच्या हातातल्या अंतर्गत गुणांत नापास. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आगं, माप तर घ्यायचं हुतं. काय झिजलं असतं तुजं?" नवा जोड पिशवीत घालून ते सरांची माफी मागायला निघाले. मी दार अडवलं. "अण्णा, तुमी गेलासा तर मी ह्या घरात न्हाय ऱ्हायची." ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले. बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. काही जिंकलं असं मला वाटलं नाही.

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिलीय. वर्गातल्या एकानंही सही केली नाही. फोटो काढणाऱ्यानं फोटो पुसून टाकला. ऑफिसातले क्लार्क दबक्या आवाजात म्हणाले, "मागं घे बाई, मोठी माणसं हाईत ती." आई बोलत नाही. रविवारी पाव्हणे मला बघायला येणार आहेत. मी हरणार, असंच दिसतंय. तिकडं अमेरिकेतही अशी एकेकटी माणसं किती हरली असतील. आमच्या पुस्तकात त्यांची नावं नव्हती.

तक्रार मी मागं घेणार नाही. रविवारी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येणार नाही. पुढच्या वर्षी हाच पेपर असेल, हेच सर असतील, आणि पहिल्या बाकावर मी असेन. ते पुन्हा नापास करतील. मी त्याच्या पुढच्या वर्षीही येईन.